बगलेंत मावणारी डीजेची पेटी

आजच्या भाषणाचा विषय ऐकून कांहीं श्रोत्यांच्या भुंवया उंचावल्या असतील. ज्याच्या नांवानें गणेशोत्सवांत खिडक्यांचीं तावदानें थरथरतात, त्या यंत्राचे गुणदोष शांतपणें बसून काय मोजावयाचे, असेंही कोणी म्हणेल. दोन महिन्यांपूर्वीं माझी वृत्ति हीच होती. ती अगदीं पालटली असें मी म्हणत नाहीं. परंतु एका तरुणानें मला साधा प्रश्न विचारला, आणि त्याचें प्रामाणिक उत्तर देतां यावें म्हणून मला या विषयांत शिरावें लागलें.

हा तरुण माझ्या एका जुन्या स्नेह्याचा मुलगा. मांडव्याच्या बंदरापासून पायीं जाण्याच्या अंतरावर त्याचें घर आहे. मुंबईकरांना मांडवा ठाऊक असतो तो अपोलो बंदरावरून लाँचनें तासाभरांत गांठावयाचा किनारा म्हणून. १९९० सालच्या ‘अग्निपथ’ चित्रपटानें त्याचें नांव देशभर केलें, आणि २०२० च्या मार्चमध्यें भाऊच्या धक्क्यावरून मोटारींसकट माणसें नेणारी रो-रो बोट सुरू झाली, तेव्हांपासून शनिवार-रविवारीं तेथें मुंबईच वस्तीला येते. बंगल्यांतून मेजवान्या होतात, गांवांतून हळदी आणि साखरपुडे होतात, आणि दोहोंकडे संगीत लागतें. आमचा हा तरुण एका मोठ्या ‘सेट’च्या मालकाकडे गाणीं लावण्याचें काम करतो. टेम्पोभर कर्णे, जनित्र, तारांचीं भेंडोळीं, आणि उचलावयास सहा माणसें. चार वर्षें पोटाला चिमटा घेऊन त्यानें थोडी शिल्लक टाकली आहे. तो मला म्हणाला, “काका, आतां बगलेंत मावेल एवढी पेटी मिळते. ती घेऊन स्वतःचा धंदा करावा म्हणतों. घेऊं कीं नको?”

प्रथम ही पेटी म्हणजे काय तें सांगतों. ‘डीजे’ हा शब्द मूळ आमच्याच घरचा, म्हणजे नभोवाणीचा. अमेरिकेंत १९४० च्या सुमारास नभोवाणीवर ग्रामोफोनच्या तबकड्या लावून मधून मधून बोलणाऱ्या निवेदकाला ‘डिस्क जॉकी’, म्हणजे तबकडीवरचा स्वार, म्हणूं लागले. पुढें १९७३ च्या ऑगस्टांत न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागांत कूल हर्क या नांवानें प्रसिद्ध झालेल्या तरुणानें एका घरगुती समारंभांत दोन तबकड्या आलटून पालटून वाजवून नाचाचा तुकडा लांबविला, आणि तबकडी लावणें ही स्वतंत्र कला बनली. टेक्निक्स कंपनीचें १९७२ सालचें ‘एसएल-१२००’ हें फिरतें पीठ या कलेचें मुख्य साधन झालें. अशा एका पिठाचें वजन दहा किलोंहून अधिक, आणि लागत दोन. शिवाय तबकड्यांच्या पेट्या निराळ्या. ही विद्या मांडव्याच्या लाँचवर चढणें तेव्हां कठीणच होतें.

आतां तें सारें आंकड्यांत रूपांतरित झालें आहे. गाणीं नखाएवढ्या स्मृतिपत्रांत बसतात. तबकडीच्या जागीं दोन फिरत्या चकत्या, त्यांच्यामध्यें कांहीं सरकत्या दांड्या आणि बटणें, आणि हें सर्व मोबाइल फोनच्या किंवा संगणकाच्या मदतीनें चालतें. पायोनियरच्या ‘डीडीजे-एफएलएक्स४’ या पेटीचें वजन सुमारें दोन किलो भरतें. २००८ सालीं एका स्वीडिश कंपनीनें ‘पेसमेकर’ नांवाचें खिशांत मावणारें यंत्रच काढलें होतें. ‘डेनॉन’चें ‘प्राइम गो’ आणि अलीकडील ‘ऑम्निस-ड्युओ’ हीं यंत्रें तर संगणकाशिवाय, आपल्या पोटांतील विजेवर चार-पांच तास चालतात. मात्र त्यांची किंमत साध्या पेटीच्या कित्येक पट आहे.

हें यंत्र काय करतें, तें समजल्यावांचून त्याची परीक्षा होणार नाहीं. एक गाणें मिनिटाला १२० ठोक्यांच्या गतीनें चाललें आहे, आणि दुसरें १२६ च्या गतीचें त्यांत मिसळावयाचें आहे. म्हणजे पहिल्याची गति शेंकडा पांचनें वाढविली पाहिजे. जुन्या तबकडीवर गति वाढली कीं सूरही चढे. काळी दोनमध्यें गाणारी बाई जवळ जवळ पांढरी तीनवर जाऊन बसे. नवें यंत्र आवाजाचे अत्यंत बारीक तुकडे करून ते पुन्हां एकावर एक सांधतें, त्यामुळें गति बदलते पण सूर ढळत नाहीं. पुढचें गाणें कोणतें, कोठून उचलावयाचें, तें वाजविणारा कानाला श्रवणयंत्र लावून एकटाच ऐकतो, आणि मगच दांडी सरकवितो. हें कौशल्य पूर्वीं वर्षानुवर्षें कान तयार करून येई. आतां ‘सिंक’ नांवाचें एक बटण आहे. तें दाबलें कीं दोन्ही गाणीं एका चालीनें चालूं लागतात.

मांडव्याच्या दृष्टीनें गुण उघड आहेत. दोन किलोंची पेटी पाठीवर टाकून माणूस लाँचनें मुंबईस जाऊन रात्रीचा कार्यक्रम करील आणि सकाळच्या लाँचनें परत येईल. पावसाळ्यांत लाँचा बंद राहतात, तेव्हां रो-रो बोट किंवा वडखळचा रस्ता आहे. टेम्पो नको, सहा माणसें नकोत, कोणाचें मिंधेपण नको. रात्रीं शेजाऱ्याची झोंप न मोडतां कानाला यंत्र लावून सराव करतां येतो, हा गुण तर मला सर्वांत मोठा वाटतो. तबल्याचा किंवा ढोलकीचा सराव करणाऱ्याला हें भाग्य कधींच लाभलें नाहीं! विजेचीही गोष्ट आहे. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आदळलें, तेव्हां झाडांबरोबर विजेचे खांबही आडवे झाले आणि गांवेंच्या गांवें अंधारांत राहिलीं. तशा संकटांत संगीत कोणाला सुचत नाहीं, हें खरें. परंतु लग्नसराईंत तासाभरासाठीं वीज जाणें ही तेथें नवलाची गोष्ट नव्हे, आणि पोटांत वीज साठविणारें यंत्र अशा वेळीं मालकाची अब्रू राखतें.

आतां दुसरी बाजू. पहिली गोष्ट म्हणजे ही पेटी स्वतः बोलत नाहीं. ती मिश्रण करते. गर्जना करावयाची ती कर्ण्यांनीं. पेटी बगलेंत मावली तरी कर्णे बगलेंत मावत नाहींत, आणि चारशें माणसांच्या हळदीला लहानसा कर्णा पुरत नाहीं. म्हणजे मिंधेपण गेलें असें वाटतें, तें अर्धेंच गेलेलें असतें. कांहीं मंडळी म्हणतात, बिनतारी ब्लूटूथचा कर्णा जोडावा. परंतु या बिनतारी मार्गांत आवाज पोंचावयास पुष्कळदां एक पंचमांश सेकंद लागतो. मिनिटाला १२० ठोके म्हणजे एका ठोक्याला अर्धा सेकंद. म्हणजे वाजविणाऱ्याच्या कानांतला ठोका आणि मांडवांतला ठोका यांत जवळ जवळ अर्ध्या ठोक्याचें अंतर! तार लावल्यावांचून गत्यंतर नाहीं.

दुसरी गोष्ट फोनची. गाणीं इंटरनेटवरून ओढावयाचीं म्हटलें तर भर रंगांत जाळें तुटतें. आणि फोनवरच पेटी चालत असेल, तर नवरीच्या प्रवेशाच्या वेळीं कर्जाची जाहिरात करणाऱ्या कोण्या बाईचा फोन साऱ्या मांडवाला ऐकूं जातो. हा प्रकार मीं प्रत्यक्ष पाहिला आहे. खारी हवा हा तिसरा शत्रू. किनाऱ्यावर पितळी कड्या जेथें हिरव्या पडतात, तेथें या नाजूक सांध्यांची काय कथा?

परंतु माझा खरा आक्षेप याहून खोल आहे. हें यंत्र गाण्याची गति मोजतें, ती गाणें पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच चालीचें आहे असें बहुधा गृहीत धरून. यंत्रावर बांधलेल्या गाण्यांना तें लागू पडतें. पण जुनीं ध्वनिमुद्रणें हाडामांसाच्या वादकांनीं केलेलीं आहेत. अंतऱ्याला ढोलकी किंचित् पुढें धांवते, ध्रुपदाला मागें टेकते. कोळीगीतें बहुधा सहा मात्रांच्या झोल्यावर चालतात, आणि चौकाच्या हिशेबाला सवकलेलें यंत्र त्यांची गति कधीं दीडपट सांगतें, कधीं दोनतृतीयांश. मग वाजविणारा काय करतो? जीं गाणीं यंत्राच्या चौकटींत बसतात तींच निवडतो. उरलेलीं हळूहळू मांडवांतून नाहींशीं होतात.

या प्रसंगीं बाजाच्या पेटीची आठवण होते. तीही परदेशाहून आली, तीही येथें हातांत मावेल अशी झाली, आणि तिच्या बांधलेल्या सुरांत आपलीं श्रुति-मींड बसत नाहीं म्हणून १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें तिला दारच दाखविलें. ती बंदी १९७१ पर्यंत टिकली. तेवढ्यांत पेटी घरोघर पोंचून गेली होती, आणि गायकांनीं तिच्याकडून काय घ्यावयाचें व काय घ्यावयाचें नाहीं तें ठरविलेंही होतें. बंदीचा निर्णय मला आजही पटत नाहीं. परंतु बंदी घालणाऱ्यांची शंका खोटी होती असें मात्र म्हणवत नाहीं.

आवाजाविषयीं बोलल्यावांचून हा विषय सोडतां येणार नाहीं. आपल्याकडे प्रचंड कर्ण्यांच्या भिंतीला ‘डॉल्बी’ म्हणतात. रे डॉल्बी हे गृहस्थ १९६५ पूर्वीं दोन वर्षें युनेस्कोतर्फे हिंदुस्थानांत तांत्रिक सल्लागार होते, आणि त्यांची कीर्ति झाली ती ध्वनिमुद्रणांतील नको असलेली खरखर कमी करण्याच्या युक्तीमुळें. गोंगाट घटविणाऱ्या माणसाचें नांव आपण गोंगाटाला दिलें! २००० सालच्या नियमांप्रमाणें रात्रीं दहा ते सकाळीं सहा उघड्यावर ध्वनिवर्धक लावतां येत नाहीं. वर्षांतून फार तर पंधरा दिवस सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊं शकतें. निवासी भागांत दिवसा ५५ आणि रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. दर दहा डेसिबलला ध्वनीची शक्ति दसपट होते, म्हणून ८५ डेसिबल म्हणजे ५५ च्या हजारपट. २०१८ च्या सप्टेंबरांत विसर्जनाच्या मिरवणुकींतील डीजे व डॉल्बीवरील बंदी उठविण्यास मुंबईच्या उच्च न्यायालयानें नकार दिला, तो आठवत असेलच. किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट घडते. दुपारीं खारा वारा समुद्रावरून येतो आणि वाळूवरच्या मेजवानीचा आवाज वाडींत नेऊन सोडतो. रात्रीं मतलई वारा सुटला कीं तोच आवाज समुद्राकडे वळतो. दिवसा गोंगाट चालतो, ही बंगलेवाल्यांची समजूत तेथें उलटी ठरते. आणि भरतीची वेळ साधून पहाटे होडी काढणारा माणूस दुपारींच झोंपत असतो.

कायद्याची एक सवलत मात्र या तरुणाला ठाऊक नव्हती. ध्वनिमुद्रित गाणीं सार्वजनिक ठिकाणीं वाजवावयाचीं तर हक्कदारांचा परवाना लागतो. परंतु धार्मिक विधि, लग्नाची वरात आणि लग्नाशीं निगडित समारंभ यांना लेखाधिकाराच्या कायद्यानें त्यांतून वगळलें आहे. हळदीला परवाना नको. उपाहारगृहांतील तिकिटाच्या नाचाला हवा. त्याच्या हिशेबाच्या वहींत हे दोन रकाने निराळे पडले पाहिजेत.

आतां त्या घरची गोष्ट. या तरुणाची आत्या धवलारीण आहे. आगरी-कोळी समाजांत लग्नाचे विधि ज्या गाण्यांनीं चालतात तीं धवळ्यांचीं गाणीं तिला मुखोद्गत आहेत. ढोल नाहीं, पेटी नाहीं. एक बाई म्हणते आणि दोघी-तिघी मागून झेलतात. गेलीं कित्येक वर्षें तिचा आवाज कर्ण्यांच्या भिंतीखालीं गाडला गेला आहे. हळद लागते तिकडे, आणि गाणें वाजतें दुसरेंच. मी गेलों त्या दिवशीं ती सूप घेऊन अंगणांत तांदूळ पाखडत बसली होती. भाच्यानें यंत्राचें चित्र दाखविलें. तें पाहून ती म्हणाली, “पेटी बारकी झाली, बरं झालं. आवाज बारका होतो का तिचा?”

त्यानें मागून आणलेल्या एका पेटीवर तिचा एक धवळा मुद्रित करून लावला. यंत्रानें त्याची गति पहिल्यांदां एक सांगितली, दुसऱ्यांदां दुसरी, तिसऱ्यांदां तिसरीच. ‘सिंक’चें बटण दाबतांच आत्याच्या गाण्याला असे कांहीं हिसके बसूं लागले कीं ती स्वतःच हंसत उठून गेली. मुलगा मात्र हंसला नाहीं. बराच वेळ तो ती चकती उगीचच पुढें-मागें फिरवीत राहिला.

मीं त्याला जें सांगितलें तें असें. महागडें, पोटांत वीज असलेलें यंत्र आज घेऊं नकोस. शिल्लक सारी त्यांत जाईल आणि कर्ण्यांसाठीं पुन्हां त्याच मालकाच्या दारांत उभें रहावें लागेल. दोन किलोंची साधी पेटी घे, वापरलेली मिळाली तर अधिक बरें. तारा चांगल्या घे. दोन मध्यम कर्णे भाड्यानें घे, आणि ते वाडीकडे पाठ करून लाव. पहिले सहा महिने ‘सिंक’च्या बटणावर कागदाची पट्टी चिकटवून ठेव आणि कानानें ठोका जुळव, म्हणजे कोळीगीत वगळण्याची पाळी येणार नाहीं. फोन घरीं ठेवतां येत नसेल तर निदान त्याचें तोंड बंद कर.

त्यानें पेटी घेतली. जुनी, एका कोपऱ्यांत चिरा गेलेली. परवां त्याचा निरोप आला. मार्गशीर्षांत त्याच्या चुलत बहिणीचें लग्न आहे, आणि हळदीचा पहिला एक तास कर्णे बंद ठेवण्याचें घरांत ठरलें आहे. आत्या म्हणते, एका तासांत धवळे पुरे होत नाहींत, दीड तास हवा. गांवांतील मुलें म्हणतात, मग दहापर्यंत आम्हीं नाचावयाचें केव्हां? तो वाद अजून मिटलेला नाहीं.