एकाच्या तापाची गोळी दुसऱ्याला नको



पुणे-सातारा रस्त्यावर चेलाडी फाट्याला वळलं की नसरापूर लागतं. भोर आणि वेल्ह्याच्या बाजूचा हा सगळा मुलूख भाताचा. लावणीच्या दिवसांत माणसं दिवसभर खाचरात, पोटरीभर चिखलात वाकून उभी असतात. याच दिवसांत माझ्याकडे तापाचे रुग्ण वाढतात. त्यांतले काही जण सांगतात, ''शेजारच्यांना या गोळीनं गुण आला होता, म्हणून मीही दोन घेतल्या.'' पुष्कळदा ती गोळी डॉक्सिसायक्लीनची निघते. आज या औषधाबद्दलच बोलू.

डॉक्सिसायक्लीन हे टेट्रासायक्लीन घराण्यातलं प्रतिजैविक, म्हणजे अँटिबायोटिक. या घराण्यातलं पहिलं औषध १९४८ साली जगापुढे आलं. मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून ते अमेरिकेतल्या लेडर्ले कंपनीत डॉ. डग्गर यांनी मिळवलं. तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आपले डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव. डॉक्सिसायक्लीन आलं त्यानंतर, १९६७ साली. ते जिवाणूंना प्रथिनं बनवू देत नाही. त्यांची वाढ थांबते आणि उरलेलं काम आपल्या शरीराची प्रतिकारशक्ती करते.

भाताच्या मुलखात या औषधाचं मोल मोठं आहे, ते दोन आजारांमुळे. पहिला लेप्टोस्पायरोसिस. उंदीर-घुशींच्या आणि जनावरांच्या लघवीतून याचे जंतू पाण्यात उतरतात आणि पायाच्या भेगांतून, जखमांतून अंगात शिरतात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत याचीच साथ आली होती. ताप, लाल डोळे, पोटऱ्या विलक्षण दुखणं ही त्याची लक्षणं. डोळे पिवळे झाले, लघवी कमी झाली, तर त्याला साधी कावीळ समजून झाडपाल्यात दिवस घालवू नका. तडक मोठ्या रुग्णालयात जा. तिथे गोळ्या पुरत नाहीत, इंजेक्शनं लागतात.

दुसरा आजार स्क्रब टायफस. २०१८ साली नागपूर भागात त्यानं बळी घेतले. गवता-झुडपांतल्या अगदी बारीक किड्याच्या चाव्यातून तो होतो. काखेत, जांघेत, कमरेला विडीचा चटका बसावा तशी काळी खपली कधीकधी दिसते. ती दुखत नाही, म्हणून रुग्ण सांगत नाही. वेळेत डॉक्सिसायक्लीन मिळालं तर बहुतेकांचा ताप दोन दिवसांत उतरतो. उशीर झाला तर फुप्फुसं आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

मात्र सर्दी, फ्लू, डेंगी हे विषाणूंचे आजार. त्यांवर ही गोळी काहीच करत नाही. शेजाऱ्याचा ताप स्क्रब टायफसचा आणि तुमचा डेंगीचा असेल, तर त्याला तारणारी गोळी तुमचे मोलाचे दोन दिवस मात्र वाया घालवते.

आता घ्यायची कशी, ते ऐका. पेलाभर पाण्याबरोबर, शक्यतो जेवणानंतर, बसून घ्या आणि निदान अर्धा तास आडवं होऊ नका. घोटभर पाण्यानं गोळी घेऊन लगेच झोपलं, तर ती अन्ननलिकेत अडकून जखम करते. आशाताईंनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम किंवा पित्ताचं औषध चालू असेल, तर दोन्हींत दोन-तीन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर गोळी अंगी लागत नाही. या औषधानं ऊन लवकर बाधतं, म्हणून शेतात डोकं, हात झाकून घ्या. गर्भवती आणि स्तनदा मातांनी तसं आधीच सांगावं. आठ वर्षांखालच्या मुलांना हे औषध एरवी टाळतात, पण स्क्रब टायफससारख्या आजारात डॉक्टर विचार करून देतात. अंगावर पुरळ किंवा चेहऱ्याला सूज आली, तर गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठा. मुदत संपलेली गोळी फेकून द्या.

आणि ताप उतरला म्हणून मनानं औषध सोडू नका; सांगितलेले दिवस पुरे करा. नको तिथे आणि अर्धवट घेतलेल्या गोळ्यांनी जंतू निर्ढावतात. असे निर्ढावलेले जंतू घरात, गावात पसरतात. म्हणून तर अशा औषधांच्या पाकिटावर उभी लाल रेघ असते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका, असा तिचा अर्थ. ज्यांना अक्षरओळख नाही, त्यांनाही ती रेघ दाखवून ठेवा.

तापासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाल, तेव्हा तीन गोष्टी आपणहून सांगा : मी खाचरात काम करतो, ताप इतक्या दिवसांचा आहे आणि आधी अमुक गोळी घेतली आहे. खपली असेल तर लाजू नका, दाखवा. तुमच्या या चार वाक्यांनी निदान लवकर होतं, आणि योग्य औषध वेळेत मिळतं.