कानातील स्वर आणि आकाशातील गर्दी
(बिनतारी ध्वनियंत्रणेतील व्यत्यय व त्याचा शोध या विषयावरील भाषण)



रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत व खालापूर हे दोन तालुके भाताच्या 'कर्जत' वाणांसाठी, बोरघाटासाठी आणि माथेरानसाठी महाराष्ट्राला परिचित आहेत. 1915 साली खोपोलीस जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि उद्योगधंद्यांच्या नकाशावर या भागाचे नाव आले. मुंबई व पुणे या दोन्ही शहरांपासून सोयीचे अंतर, उल्हास व पाताळगंगेची खोरी आणि सभोवतालचे डोंगर यांमुळे अलीकडच्या काळात येथे आणखी एक व्यवसाय रुजला आहे. चौक परिसरात 2005 मध्ये एन. डी. स्टुडिओ उभा राहिला. नदीकाठी विश्रामगृहे, शेतघरे व लग्नाची पटांगणे झाली. त्यांच्या आधाराने मांडव, रोषणाई व ध्वनियंत्रणा यांची कामे करणाऱ्या तरुणांचा एक वर्ग निर्माण झाला. या तरुणांच्या पोटापाण्याशी निगडित असलेला, दिसावयास लहान परंतु परिणामाने मोठा असा एक प्रश्न म्हणजे बिनतारी यंत्रणेतील व्यत्यय होय.

कानातील मॉनिटर म्हणजे काय?

रंगमंचावरील गायकाला स्वतःचा आवाज व साथीची वाद्ये नीट ऐकू आली नाहीत, तर सूर व ताल सांभाळणे कठीण जाते. पूर्वी याकरिता त्याच्या पायाशी मोठे कर्णे ठेवीत. आता गायक कानात लहानशी श्रवणिका घालतो. मिक्सरमधून निघालेला आवाज रंगमंचाच्या कडेच्या प्रक्षेपकातून लहरींच्या रूपाने सुटतो आणि गायकाच्या कमरेच्या ग्राही संचामार्फत त्याच्या कानी पडतो. व्यवसायातील मंडळी याला 'इन-इअर' म्हणतात. रंगमंचावरील कर्णे कमी झाल्याने एकंदर गोंगाटही घटतो. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 अन्वये रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत ध्वनिक्षेपकावर निर्बंध आहेत. सायंकाळच्या कार्यक्रमांचा गोंगाटही मर्यादेत राहावा, यादृष्टीने हा बदल स्वागतार्हच आहे.

मात्र यात एक धोका संभवतो. कर्णा खरखरला तर कानावर हात ठेवता येतो. श्रवणिका खरखरली तर तो आवाज थेट कानाच्या पडद्यावर आदळतो. जागतिक आरोग्य संघटनेने 80 डेसिबलचा आवाज आठवड्यात 40 तासांपर्यंत सुरक्षित मानला आहे. आवाज वाढला की ही मुदत झपाट्याने घटते. यास्तव ग्राही संचातील आवाजाची कमाल मर्यादा बांधणारी कळ सदैव चालू असावी आणि दोष शोधताना श्रवणिका कानात घालू नये, हा पहिला नियम होय.

व्यत्यय आणि व्यत्ययासारखे दिसणारे दोष

कार्यक्रमात आवाज तुटला की "बाहेरून कोणाची तरी लाइन येते" असे म्हणण्याची प्रथा पडली आहे. वस्तुतः प्रत्येक दोष हा व्यत्यय नसतो. एकाच कानात आवाज येत असेल, किंवा गायकाने मान वळविताच खरखर होत असेल, तर बहुधा श्रवणिकेची तार आतून तुटलेली असते. सतत गुणगुण येत असेल, तर अर्थिंग तपासावे. रंगमंचाच्या ठराविक जागीच आवाज जात असेल, तर लहरी कमी पडत आहेत, असे समजावे. पत्र्याचे छप्पर व लोखंडी सांगाडे यांवरून परावर्तित झालेल्या लहरी मूळ लहरींना भेटतात व काही जागी एकमेकींना मारतात. 600 मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी अवघी अर्धा मीटर असते. म्हणून गायक एक पाऊल सरकताच आवाज परत आलेला अनेकदा आढळतो.

अशा ठिकाणी शक्ती वाढविण्यापेक्षा अँटेना हलविणे हिताचे ठरते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की लहरीची शक्ती चतुर्थांश होते. प्रक्षेपकाचा अँटेना मागच्या टेबलावर, माणसांच्या गर्दीआड न ठेवता रंगमंचाजवळ, डोक्यांच्या वर व गायकाला दिसेल असा ठेवावा. तसेच ॲनालॉग संच स्टिरिओवर चालत असेल तर त्यास अधिक स्वच्छ संकेत लागतो. तो मोनोवर घेताच पुष्कळदा खरखर नाहीशी होते.

कर्जत-खालापूर परिसरात संशयाची सुई नेहमी दोन गोष्टींकडे वळते. एक विजेच्या उच्चदाब वाहिन्या आणि दुसरी विद्युत रेल्वे. तडा गेलेल्या इन्सुलेटरवर किंवा रेल्वेच्या पेंटोग्राफवर ठिणगी उडाली की लहरींचा गोंगाट निर्माण होतो, हे खरे आहे. पण तो मध्यम लहरींच्या रेडिओला जितका छळतो तितका शेकडो मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या संचाला छळत नाही, कारण कंप्रता वाढत जाते तसा हा गोंगाट मंदावतो. तेव्हा दूरच्या मनोऱ्याला दोष देण्यापूर्वी रंगमंचावरील एलईडी पडदा, त्याचे वीजपुरवठा संच व स्वस्त दिव्यांची नियंत्रणे यांकडे पाहावे. ती गायकापासून हाताच्या अंतरावर असतात.

घरचाच शत्रू

सर्वांत अधिक घोटाळा होतो तो स्वतःच्याच प्रक्षेपकांमुळे. दोन प्रक्षेपक जवळजवळ ठेवले की त्यांच्या लहरी एकमेकांच्या यंत्रात शिरतात व त्यातून नव्या कंप्रता जन्मास येतात. याचे गणित शाळकरी विद्यार्थ्यालाही करता येईल इतके सोपे आहे. एका कंप्रतेची दुप्पट करून त्यातून दुसरी वजा करावी. समजा, तीन संच 600.0, 600.4 व 600.8 मेगाहर्ट्झवर लावले. 600.4 ची दुप्पट 1200.8, त्यातून 600.0 वजा जाता 600.8 उरतात. म्हणजे पहिले दोन संच मिळून तिसऱ्याच्या डोक्यावर बसले! समान अंतराने लावलेल्या कंप्रता दिसावयास नीटनेटक्या, परंतु व्यवहारात घातक असतात. तिसरा संच 601.1 वर नेला, तर ही टक्कर टळते.

संच वाढले की अशा जोडउत्पत्तीची संख्या भरमसाट वाढते. दोन संचांपासून अशा 2 कंप्रता निर्माण होतात. चार संचांपासून, तीन-तीन संचांच्या मिश्रणासह, 24. आणि आठ संचांपासून 224. चार माइक व चार इन-इअर ही आजच्या मध्यम प्रतीच्या लग्नसमारंभातील सर्वसाधारण संख्या होय. म्हणूनच कंप्रता अंदाजाने न निवडता कोष्टक करून निवडल्या पाहिजेत. प्रक्षेपकांचे सुटे अँटेने एका फळीवर दाटीने उभे न करता संयोजकाच्या साहाय्याने एकाच अँटेनातून लहरी सोडाव्यात. इन-इअरचा प्रक्षेपक आणि माइकचे ग्राही संच यांचे अँटेने काही मीटर दूर असावेत. गायकाच्या कमरेचे दोन संच, एक पाठविणारा व एक घेणारा, परस्परविरुद्ध बाजूंना असावेत.

शोधाचा क्रम

दोष शोधताना क्रम सोडता कामा नये. प्रथम आपले सर्व प्रक्षेपक बंद करून केवळ ग्राही संच चालू ठेवावा. संकेताचा दिवा तरीही लागत असेल, तर त्या कंप्रतेवर दुसरे काही आहे. ती कंप्रता सोडून द्यावी. दिवा लागत नसेल, तर दिवे, एलईडी पडदा व जनरेटर एकेक करून सुरू करावे आणि प्रत्येक वेळी ग्राही संच घेऊन रंगमंचाचे चारही कोपरे चालून यावे. त्यानंतर आपला एकेक प्रक्षेपक सुरू करावा. ज्या क्षणी दिवा अस्थानी लागेल, त्या क्षणी शेवटी सुरू केलेले यंत्र ध्यानात ठेवावे. हा सर्व क्रम नव्या सेलवर करावा आणि निष्कर्ष वहीत टिपून ठेवावेत.

ही तपासणी दुपारी रिकाम्या पटांगणात करून थांबू नये. 2.4 गिगाहर्ट्झवर चालणारे संच वाय-फाय व ब्लूटूथच्याच पट्ट्यात वावरतात. दुपारी ते उत्तम चालतात. सायंकाळी शेकडो पाहुणे फोन घेऊन आले की अडखळू लागतात. शिवाय माणसाच्या शरीरातील पाणी या लहरी शोषून घेते. डिजिटल संचात तर खरखरीची पूर्वसूचनाही मिळत नाही. आवाज एकाएकी बंद पडतो. साध्या ब्लूटूथ श्रवणिकेत आवाज सुमारे 100 मिलिसेकंद किंवा अधिक उशिरा पोहोचतो, म्हणून गायनासाठी ती निरुपयोगी समजावी.

बदललेले आकाश

काही वर्षांपूर्वी उत्तम चालणारा संच आता का चालत नाही, असा प्रश्न अनेक साउंडवाल्यांना पडतो. त्याचे उत्तर आकाशाच्या वाटपात आहे. ऑगस्ट 2022 च्या लिलावात 700 मेगाहर्ट्झचा पट्टा मोबाइल सेवेसाठी देशभर देण्यात आला आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरपासून 5जी सेवा सुरू झाली. 703 ते 748 मेगाहर्ट्झ हा भाग फोनकडून मनोऱ्याकडे आणि 758 ते 803 हा भाग मनोऱ्याकडून फोनकडे जाणाऱ्या लहरींसाठी ठरलेला आहे. या पट्ट्यातील जुना माइक वा इन-इअर दुरुस्त करून उपयोग नाही. तो बदलावाच लागेल. अमेरिकेने 700 मेगाहर्ट्झमधील बिनतारी माइक 2010 मध्ये आणि 600 मेगाहर्ट्झच्या मोबाइल पट्ट्यातील 2020 मध्ये बंद केले. अशा देशांत बाद झालेले संच स्वस्त मिळाले तरी घेताना कंप्रतेचा पट्टा पाहावा. आपल्या देशात 865 ते 868 मेगाहर्ट्झ व 2.4 गिगाहर्ट्झ हे पट्टे ठरवून दिलेल्या शक्तिमर्यादेत विनापरवाना वापरता येतात. अन्य पट्ट्यांबाबत केंद्राच्या दूरसंचार विभागातील बिनतारी नियोजन व समन्वय शाखेचे नियम पाहणे आवश्यक आहे.

खोऱ्यांच्या प्रदेशात मोबाइलचा संकेत क्षीण असतो. त्यावर उपाय म्हणून कोणी अनधिकृत बूस्टर बसविला, तर तो आसपासचा सारा पट्टा गढूळ करतो. संदेशवहन अडविणारे जॅमर तर 2023 च्या दूरसंचार कायद्याच्या कलम 48 अन्वये परवानगीविना वापरताच येत नाहीत.

शोधाची शिस्त किती कसोशीने पाळता येते, याचे उदाहरण घाटमाथ्यापलीकडे पाहावयास मिळते. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची महाकाय मीटरतरंग दुर्बीण आहे. आकाशातील अतिक्षीण लहरी टिपण्यासाठी तेथील अभियंते परिसरातील व्यत्ययाचे स्रोत सातत्याने शोधतात. एवढेच नव्हे, तर वेधशाळेची स्वतःची विद्युत उपकरणेही लहरी बाहेर पडू नयेत म्हणून आच्छादित ठेवतात. आधी आपले घर तपासावे, हाच तेथील धडा आहे.

गावपातळीवर काय करता येईल?

एका नदीवर दोन गावांनी पाणी उचलावयाचे तर पाळी ठरवावी लागते. लहरींचेही तसेच आहे. शेजारशेजारच्या तीन पटांगणांत एकाच रात्री तीन लग्ने असतील, तर तिन्ही साउंडवाल्यांनी दुपारी एकत्र बसून कंप्रता वाटून घ्याव्यात. ग्रामपंचायतीने कार्यक्रमाच्या नोंदीत संचांच्या कंप्रता लिहून घेण्याचा प्रघात पाडला, तर वर्षभरात गावाच्या आकाशाचा नकाशाच तयार होईल. विज्ञान शिक्षकांनी वर दिलेले वजाबाकीचे गणित मुलांकडून करून घ्यावे; शाळेच्या स्नेहसंमेलनाचे दोन माइक त्यासाठी पुरेसे आहेत. आणि बाहेरचा व्यत्यय क्रमाने सिद्ध झाला, तर तारीख, वेळ, स्थळ व कंप्रता नमूद करून बिनतारी देखरेख संघटनेकडे तक्रार करावी. केवळ "आवाज येत नाही" या तक्रारीचा तपास होऊ शकत नाही. नोंदीसह केलेल्या तक्रारीचा होऊ शकतो.

या शिस्तीचे मोल रंगमंचापुरते नाही. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. 27 मृतदेह हाती लागले आणि 57 जण बेपत्ता राहिले. मोटार जाईल असा रस्ता नसलेल्या त्या उतारावर बचाव पथकांना पावसात, चिखलात पायी चढावे लागले. अशा जागी पायथ्याचा माणूस व माथ्यावरचा माणूस यांना जोडणारा दुवा बिनतारी संदेशाचाच असतो. ज्या भागात लहरींचा वापर नोंदीने व समजुतीने होतो, त्या भागात संकटाच्या वेळी हा दुवा मोकळा राहण्याची शक्यता अधिक. गायकाच्या कानातील खरखर शोधून काढणारा तरुण अँटेना, कंप्रता व सेल यांची भाषा शिकलेला असतो. त्याचे नाव गावाच्या आपत्ती व्यवस्थापन यादीत असावे, एवढी दूरदृष्टी पंचायत सदस्यांनी व अधिकाऱ्यांनी दाखविली, तर एका लहान व्यवसायातील कौशल्य साऱ्या तालुक्याच्या उपयोगी पडेल.