मुलगा कुठे बसला आहे?
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आज मला एका कवितेविषयी चार शब्द बोलायचे आहेत. दिलीप चित्रे (१९३८-२००९) हे मराठी आणि इंग्रजी या दोन्ही भाषांत लिहिणारे कवी. त्यांची ‘फादर रिटर्निंग होम’ ही इंग्रजी कविता १९८० च्या ‘ट्रॅव्हलिंग इन अ केज’ या संग्रहात आली आणि २०२० च्या इंग्रजी ‘युवकभारती’तून बारावीच्या मुलांपर्यंत पोहोचली.

कवितेत घडते ते फार थोडे. एक उतारवयाचा गृहस्थ उशिराच्या गाडीने घरी येतो. कपडे भिजलेले, रेनकोटवर चिखल, पुस्तकांनी फुगलेली पिशवी मोडकळीस आलेली. घरी पांचट चहा आणि शिळी चपाती. तो एकटाच पुस्तक वाचतो आणि रेडिओची खरखर ऐकत झोपी जातो. १९७५ साली पंचवटी एक्स्प्रेस सुरू झाल्यापासून मुंबईला रोज जाऊन येणारी माणसे आपण नाशिककर पाहत आलो आहोत. हे चित्र आपल्याला नवे नाही.

वर्गात मी एवढेच सांगत असे की, बाप कष्टाळू आणि मुले कृतघ्न. एकदा घरी अब्बांना ही कविता आमच्या बोलीत समजावून सांगितली. अब्बा आठवडे बाजारात कापड विकत असत आणि रात्री शेवटच्या एस.टी.ने गठडी घेऊन परतत. सगळे ऐकून ते म्हणाले, “बाप तो दिखा. पर बेटा किधर बैठा है?”

मला उत्तर देता आले नाही. मी पुस्तक पुन्हा उघडले.

तेव्हा लक्षात आले की, कवी सुरुवातीला वडिलांना ‘माझे’ म्हणतो; पण मुले त्यांच्याशी थट्टामस्करी करीत नाहीत, मनातले सांगत नाहीत, हे सांगताना तो ‘आम्ही’ म्हणत नाही, ‘त्यांची मुले’ म्हणतो. कबुली देण्याच्या क्षणी तो स्वतः बाजूला सरकतो. अपराधी मन असेच लपते. पण याच मुलाने बेसिनपाशी थरथरणारे वडील पाहिले आहेत, त्यांच्या मनगटावरचे पिकत चाललेले केसही पाहिले आहेत. ज्याला माया नाही, त्याला हे दिसत नाही. तो सारे पाहतो, मात्र उठून ताजा चहा ठेवीत नाही. या प्रेमाचा गुंता तो हाच.

बापाकडेही पाहू. झोपेत त्याला पूर्वज दिसतात, नातवंडे दिसतात. मधली पिढी, म्हणजे त्याची स्वतःची मुले, त्या स्वप्नात नाहीत. मुलाने तोंड फिरवले, तसे बापानेही त्याला ओलांडले आहे. दोष एकाच्याच पदरात टाकून ही कविता सुटत नाही.

चित्र्यांचे वडील पुरुषोत्तम चित्रे बडोद्यात ‘अभिरुची’ हे वाङ्मयीन मासिक काढीत. कवितेतला बापही वाचणारा आहे. तरीही घरात अबोला आहे. म्हणजे हे अंतर केवळ शिक्षणामुळे पडत नाही. मी मात्र तसे समजत होतो. अब्बा रात्री कापडाच्या गठ्ठ्यांच्या खाकी कागदाची कव्हरे माझ्या पुस्तकांना घालीत. कागदावर गिरणीचा शिक्का असे, म्हणून मी शाळेत ती काढून टाकी. “आज क्या पढ़ाया?” असे त्यांनी विचारले की मी म्हणे, “आपको नहीं समझेगा.” पुढे त्यांनी विचारणे सोडले. आणि या कवितेत जे मला वर्षानुवर्षे शिकवूनही दिसले नव्हते, ते त्यांनी एकदा ऐकून विचारले.

विद्यार्थी मित्रांनो, वडिलांवरचे प्रेम आणि त्यांचा राग एकाच मनात असू शकतात. त्याची लाज बाळगू नका. पण नुसते पाहत बसू नका, बोला. पालकांनो, एकदा उडवून लावले म्हणून विचारणे सोडू नका. मुलगा तिथेच बसलेला असतो.

अब्बांना मी तेच उत्तर दिले, “बेटा वहीं बैठा है अब्बा, सब देख रहा है.” ते काही बोलले नाहीत. मी उठून चहा ठेवला.