कॉइल का तापते?

पेट्रोल गाडीतली इग्निशन कॉइल बॅटरीच्या 12 व्होल्टचे हजारो व्होल्ट करते, तेव्हा कुठे प्लगवर ठिणगी पडते. कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे पॉइंट असलेल्या जुन्या गाडीत इंजिन बंद असताना चावी चालू राहिली आणि पॉइंट मिटलेले असले, तर कॉइलमधून सतत करंट वाहतो. ती हात लाववत नाही इतकी तापते. प्लगची फट झिजून वाढली, की कॉइलच्या इन्सुलेशनवर ताण येतो.

वायरिंगचं दुखणं वेगळं. ओलाव्यानं तांब्याच्या जोडावर हिरवट गंज चढतो, रोध वाढतो आणि नेमकी तीच जागा तापते. फ्यूज उडाला, तर त्या जागी तारेचा तुकडा घालू नका. मग तो तुकडा टिकतो, वायरिंग जळतं! जोड स्वच्छ, घट्ट ठेवा.