आलोच, येतो, येईन



मंडळाच्या सुवर्णमहोत्सवात भाषेविषयी बोलताना आम्ही ग्रंथांची महती गाणार नाही. घरातल्या तीन लहान शब्दांकडे आपले लक्ष वेधावे, एवढीच आमची इच्छा आहे.

पाने वाढल्याची हाक आली की आपण ‘आलोच’ किंवा ‘आलेच’ म्हणतो. क्रियापद भूतकाळाचे, येणे मात्र अजून व्हायचे! ते इतके निश्चित की झाल्यासारखेच बोलायचे. थोडा अवकाश असेल तर ‘येतो’, म्हणजे वर्तमानकाळ. ‘येणार आहे’ यात बेत ठरलेला असतो. ‘येईन’ यात इच्छा असते, दिवस नसतो. ‘सहा वाजत आले’, ‘पाऊस येऊ घातला आहे’ हे प्रयोगही याच घरातले. लवकरच घडणाऱ्या गोष्टीसाठी मराठीने निराळा काळ घडविला नाही; हाताशी असलेल्या काळांनाच कामाला लावले. वर्तमानाला लागून असलेल्या भविष्यासाठी वर्तमानाचे रूप चालते, हे पाणिनीनेही संस्कृतासाठी सूत्रबद्ध केले आहे.

बंगळूरची जहागीर शहाजीराजांकडे आली, तेव्हापासून तरी या नगरात मराठी आणि कन्नड शेजारी नांदत आहेत. कन्नड माणूसही हाकेला ‘बंदे’ म्हणतो, शब्दशः ‘आलो’. निघताना ‘होगि बर्तीनि’, म्हणजे ‘जाऊन येतो’. पाऊस तोंडावर आला की ‘इन्नेनु मळे बरुत्ते’. भाषांची कुळे दोन, पण वळण एक. तेव्हा कन्नडमुळे मुलांची मराठी बिघडेल, ही भीती अनाठायी आहे. खरी झीज इंग्रजीच्या साच्याने होते. मूल सर्व प्रसंगी ‘मी येत आहे’ एवढेच म्हणते. अर्थ कळतो, किती लवकर आणि किती खात्रीने, ते कळत नाही.

दूर राहणाऱ्यांना हा भेद क्षुल्लक नाही. गावाकडची वृद्ध आई दूरध्वनीवर ‘कधी येणार?’ असे विचारते. ‘येईन’ ऐकून ती विषय बदलते. ‘दिवाळीला येणार आहे’ ऐकून दिवस मोजू लागते. उद्या हाच प्रश्न आपली नातवंडे ऐकतील. आपण काय कबूल करीत आहोत, हे त्यांना उमगले पाहिजे.

त्यासाठी व्याकरणाचा वर्ग नको. हाकेला ‘आलोच’ म्हणावे आणि खरोखरच उठावे. मुले शब्द ऐकून शिकतात. त्याची किंमत मात्र आपल्याकडे पाहून शिकतात.