जिथे सापडला, तिथलाच का?

मासळी घेताना आपण डोळे पाहतो, कल्ला उचलून लाली पाहतो. पण समुद्रातला एक जिवाणू या परीक्षेत सापडत नाही. त्याचं नाव व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस. कॉलऱ्याच्या जंतूचाच हा भाऊबंद. खारं, कोमट पाणी त्याला मानवतं.

१९५० साली जपानमधल्या ओसाका इथे अर्धवट सुकवलेली बारीक मासळी खाऊन २७२ माणसं आजारी पडली, २० दगावली. डॉ. त्सुनेसाबुरो फुजिनो यांनी तेव्हा हा जंतू शोधून काढला. पुढे कितीतरी वर्षं त्याचे निरनिराळे वाण निरनिराळ्या ठिकाणी आढळत.

मग आला १९९६चा फेब्रुवारी. कोलकात्यात जुलाबाच्या रुग्णांचे नमुने नेमाने तपासले जात होते. त्यांत एकच वाण एकाएकी वाढला: ओ३:के६. जंतूच्या बाह्य आवरणावरून असं नाव पडतं. मग त्याच्या डीएनएचे तुकडे करून पट्ट्या उमटवतात. पट्ट्या जुळल्या की समजायचं, घराणं एक. हेच घराणं पुढे आग्नेय आशियात, जपानमध्ये भेटलं. १९९८ साली टेक्सासची कच्ची कालवं खाऊन चारशेवर माणसं आजारी पडली, तिथेही हेच. २००४ साली चिलीतल्या प्वेर्तो माँतलाही हेच.

तो गेला कसा? जहाजात तोलासाठी भरलेलं पाणी, समुद्राचे उबदार प्रवाह, मालाची ने-आण. संशय सगळ्यांवर आहे, गुन्हा कोणावरच शाबीत नाही.

तरीही ‘कोलकात्याहून निघालेला जंतू’ असं सर्रास म्हटलं जातं. वास्तविक १९९५ सालीच, आग्नेय आशियातून जपानला आलेल्या प्रवाशांच्या नमुन्यांत तो होता. शब्दांशी माझा रोजचा व्यवहार, म्हणून सांगतो: ‘तिथे सापडला’ आणि ‘तिथून आला’ ही दोन वाक्यं एक नव्हेत. ज्यानं दिवा लावून पाहिलं, त्यालाच चोराचा यजमान ठरवलं, तर उद्या दिवा लावणार कोण? साथ लपवणारं गाव सगळ्यांनाच महाग पडतं.

आपल्या हाती आहे ते साधं आहे. मासळी बर्फात ठेवावी. उबेत हा जंतू दहाएक मिनिटांत दुप्पट होतो. ती नीट शिजवावी. शिजल्यावर तो मरतो. आणि मासळी चिरलेली विळी धुतल्याशिवाय तिच्यावर काकडी चिरू नये.