काठ दिसत नव्हता तेव्हा
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज आम्ही बुडालेल्या जहाजांविषयी बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, गिरणी कामगाराला समुद्राचे काय? तर ऐका.

फार जुन्या काळचे खलाशी किनारा नजरेआड होऊ देत नसत, असे पुष्कळ विद्वान मानत. त्याला कारणही होते. तुर्कस्तानात उलुबुरुन येथे सुमारे ३३०० वर्षांपूर्वीचे जहाज सापडले, तेही किनाऱ्याजवळच. त्यावर १० टन तांबे आणि १ टन कथील होते. या दोहोंचे कांसे होते. हे जहाज पहिल्यांदा पाहिले ते १९८२ साली, समुद्रतळाचे स्पंज काढून पोट भरणाऱ्या एका पाणबुड्याने. कान असलेली धातूची बिस्किटे दिसली, असे त्याने आपल्या तांडेलाला सांगितले. संशोधक अगोदरपासूनच अशा पाणबुड्यांना भेटून चित्रे दाखवीत होते, म्हणून त्या बोलण्याचा अर्थ लागला. शिकलेली माणसं कष्टकऱ्याच्या दारी गेली, तेव्हा इतिहास हाती आला!

पुढे २०२३ साली इस्रायलच्या किनाऱ्यापासून ९० किलोमीटरवर एक गॅस कंपनी समुद्रतळाची पाहणी करीत होती. तिच्या यंत्राला १.८ किलोमीटर खोलीवर मातीच्या रांजणांचा ढीग दिसला. हेही जहाज सुमारे ३३०० वर्षांपूर्वीचेच. २०२४ मध्ये ही बातमी जाहीर झाली. त्या जागेवरून चहूकडे पाहिले तर नुसते पाणी. होकायंत्र तेव्हा नव्हते. दिवसा सूर्य आणि रात्री तारे पाहून ते लोक वाट काढीत असावेत, असे संशोधक म्हणतात. एका जहाजावरून सगळे ठरत नाही, हे खरे. पण जुने मत पुन्हा तपासावे लागले.

आपल्याकडेही दाखला आहे. दीघनिकायातील केवट्ट सुत्तात भगवान बुद्ध समुद्रावरच्या व्यापाऱ्यांची गोष्ट सांगतात. ते जहाजावर एक पक्षी नेत. काठ दिसेनासा झाला की त्याला सोडीत. जमीन दिसली तर तो तिकडे उडून जाई, नाही तर जहाजावर परत येई. म्हणजे काठापासून लांब जाणारी माणसे आपल्या देशातही होती.

बांधवांनो, त्या खलाशांची नावे कुठेच नाहीत. त्यांची विद्या त्यांच्याबरोबर बुडाली. आम्ही साच्यावर उभे राहिलो. साचा बिघडण्याआधी त्याचा आवाज बदलतो, हे आम्हाला कुठल्या पुस्तकाने नाही, जुन्या कामगारांनी शिकवले. गिरण्या बंद पडल्या, ती माणसं पांगली, काही गेली. ती विद्या कुणी लिहून घेतली?

म्हणून तरुणांना आमची विनंती आहे. तुमच्या घरात जुना कामगार असेल, शेतात राबलेली आजी असेल, तर वही घेऊन त्यांच्याजवळ बसा. विचारा आणि लिहा. नाही तर हजार वर्षांनी कुणीतरी म्हणेल, या लोकांना काही येतच नव्हते.

एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो. जयभीम!